भांडुपच्या चाळीतली धिंगरी आणि भाड्यासकटचा हिशेब

खोली रिकामी झाली म्हणून हे सगळं सुरू झालं. भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या चढावर सासूबाईंची तळमजल्याची एक खोली आहे, दहा बाय बारा, वर सिमेंटचा पत्रा, मागे मोरी. बरीच वर्षं तिथे भाडेकरू असायचे. शेवटचं कुटुंब बदलापूरला स्वतःच्या घरात गेलं आणि त्याच सुमारास माझी हिशेबनिशीची नोकरीही सुटली. नवीन भाडेकरू शोधण्याऐवजी त्या खोलीत काहीतरी करावं असं मीच घरात मांडलं. नवरा म्हणाला, कर. सासूबाई म्हणाल्या, "महिन्याचे साडेसहा हजार येत होते, एवढं लक्षात ठेव." त्या वाक्याची किंमत मला पुढे कळली.

कमी भांडवलात काय करता येईल याची यादी कुणालाही तोंडपाठ असते: डबे, पापड, अगरबत्ती, मेणबत्त्या, कापडी पिशव्या. डब्यांच्या धंद्यात आमच्या गल्लीतच चार जणी आहेत आणि चौघीही माझ्याहून छान स्वयंपाक करतात. अगरबत्तीचं यंत्र विकणाऱ्या एकाने फोनवर अर्धा तास माझं डोकं खाल्लं. "यंत्र घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत विकत घेतो." हेच शब्द नंतर मश्रूमचं बियाणं विकणाऱ्या दुसऱ्या एकाकडूनही ऐकले. परत घेण्याची हमी देणाऱ्याचा खरा धंदा तुम्हाला यंत्र किंवा बियाणं विकण्याचा असतो. माल न्यायची वेळ आली की प्रत खराब ठरते. करार वाचायला मागितला तेव्हा त्याचे फोन यायचे थांबले.

तरी मश्रूम डोक्यात राहिलंच, आणि त्याचं कारण साधं होतं. बटण मश्रूमला थंडावा लागतो, म्हणजे वातानुकूलित खोली आणि विजेचं बिल. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर, २० ते ३० अंशांत वाढते आणि हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता मागते. जूनपासून पुढे मुंबईत ही हवा फुकट मिळते. ज्या दमटपणामुळे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तोच इथे कामाला येणार होता.

शिकायला मी पुण्याला गेले. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. तिथे प्रशिक्षण मिळतं, बियाणंही मिळतं, फक्त ते आधी सांगून ठेवावं लागतं. ठाण्याहून सकाळची इंद्रायणी पकडली. वर्गात सांगली-सोलापूरकडचे तरुण शेतकरी जास्त होते. मुंबईहून आले म्हटल्यावर एकाने विचारलं, "तुमच्याकडे पेंढा कुठून आणणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. मुंबईत मुळात काडच नाही.

तो प्रश्न मुरबाडच्या मामांनी सोडवला. त्यांच्याकडे भात निघाल्यावर पेंढा पडून असतो. शेजाऱ्याच्या कडबाकुट्टीवर त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून ते गोणीत भरून ठेवतात. गोणी टेम्पोने कल्याणला येतात आणि तिथून धीम्या लोकलच्या लगेजच्या डब्यातून भांडुपला. लगेजचं तिकीट काढायचं, दुपारची गाडी पकडायची. सकाळी त्या डब्यात भाजीवाले आणि डबेवाले यांच्यामध्ये उभं राहायलाही जागा नसते. पेंढा कोरडा, सोनेरी आणि त्या हंगामातलाच हवा. पावसात भिजून काळपटलेला पेंढा मामांनी फुकट दिला तरी मी घेत नाही, कारण त्यात आपल्या बुरशीआधी दुसऱ्याच बुरशीने घर केलेलं असतं.

सगळ्या कामाचा गाभा तेवढाच आहे: पेंढ्यावर एकच बुरशी वाढू द्यायची, बाकीच्या मारायच्या. त्यासाठी काड आधी दहा-बारा तास पाण्यात भिजवायचं आणि मग तासभर ८० अंशांच्या गरम पाण्यात ठेवायचं. दुसरी पद्धत रसायनाची आहे, १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम बाविस्टिन आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन. ती स्वस्त पडते, गॅसही लागत नाही. पण चाळीत भिंतीला भिंत लागून लहान मुलं झोपतात, तिथे फॉर्मेलिनचा वास सोडणं मला जमणार नव्हतं. म्हणून गरम पाणी. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेतला, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं कायद्यात बसत नाही. वजन उचलून मोरीपर्यंत न्यायला नवरा.

पाण्याचं मात्र विचारू नका. मुंबईचं पाणी ज्या भांडुप संकुलात शुद्ध होतं ते आमच्याच उपनगरात, आणि आमच्या चढावर नळ येतो पहाटे दोन तास. एका वेळच्या पेंढ्याला दोन मोठी पिंपं लागतात. भिजवणीचं तपकिरी पाणी गटारात सोडलं की वास येतो. पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकू दारात उभ्या राहिल्या. "अगो, काय कुजवतंस काय तू?" त्यांना आत नेऊन सगळं दाखवलं आणि पहिल्या तोडणीतली पाव किलो धिंगरी त्यांच्या घरी दिली. आता भिजवणीचं पाणी रात्री उशिरा सोडते आणि मागून बादलीभर स्वच्छ पाणी ओतते.

काड निथळत ठेवायचं. मूठ घट्ट दाबली तर थेंब पडता कामा नये, पण तळहात ओला वाटला पाहिजे. ही परीक्षा पुण्यात शिकवली होती आणि तिच्याहून सोपं मोजमाप मला अजून सापडलेलं नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीत दोन इंचांचा थर, कडेकडेने बियाणं, पुन्हा थर. बियाणं म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के तरी घालावी लागते. पुण्याहून ते थर्माकोलच्या डब्यात आणते, कारण उन्हात तापलेल्या गाडीत ते मरतं. पिशवीचं तोंड बांधायचं, दाभणाने वीस-पंचवीस भोकं पाडायची आणि अंधारात टांगायची. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरीशुभ्र होते. जिथे हिरवा ठिपका दिसला ती पिशवी त्याच दिवशी खोलीबाहेर. ती हिरवी बुरशी ट्रायकोडर्मा, आणि दया दाखवली तर सगळी मांडणी तिच्या ताब्यात जाते.

पांढरी झालेली पिशवी कापून काढली, की खोलीचं वागणं बदलावं लागतं. आता थोडा उजेड हवा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा हवा आणि हवा खेळती हवी. माझ्या खोलीला एकच खिडकी. पहिल्या पिकाचे देठ लांबच लांब आणि टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या आल्या, कारण कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठला होता. मोरीच्या वर जुना एक्झॉस्ट पंखा बसवला, खिडकीला बारीक जाळी लावली (माश्यांसाठी, त्या कशाही येतातच, म्हणून पिवळे चिकट कागदही टांगले) आणि पुढच्या तोडणीत टोप्या तळहाताएवढ्या निघाल्या. टाचणीएवढे कोंब दिसल्यापासून तोडणीपर्यंत दोन-तीन दिवस लागतात. टोपीची कड वर वळायच्या आत हलका पीळ देऊन गुच्छ काढायचा. उशीर केला तर पांढरी भुकटी उडते. ते बीजाणू असतात, आणि बंद खोलीत त्यांनी खोकला, दम लागतो. मी तोंडाला मास्क बांधूनच आत जाते. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे हा उद्योग करू नका, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी सांगते.

वाढवणं इथे संपलं. खरं सांगायचं तर हा भाग सोपा होता. निसर्ग आपलं काम चोख करतो. गिऱ्हाईक मात्र ठरलेल्या वेळी उगवत नाही.

धिंगरी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते, बाहेर ठेवली तर संध्याकाळपर्यंत मलूल. दादरच्या भाजी बाजारात पहाटे एका व्यापाऱ्याला नमुना दाखवला. त्याने डबी उघडली, वास घेतला, परत दिली. "ताई, बटण आणा, आता उचलतो. हे कोण विचारणार?" पवईच्या एका उपाहारगृहाने आनंदाने घेतली आणि पैसे दिले दीड महिन्याने. मुलुंडच्या एका सोसायटीत जाहिरात केली तर निम्मी घरं जैन, ती मश्रूमला हात लावत नाहीत. रस्त्यावर बसून विकायचं तर फेरीवाल्यांच्या परवान्याचा प्रश्न.

गिऱ्हाईक मिळालं ते आमच्या चाळीतच, कोकणातल्या घरांत. सिंधुदुर्गातल्या माणसाला पावसात रानातली अळंबी आणून वाटपाचं सुकं करायची सवय असते. मुंबईत आल्यावर ती सुटलेली. समोरच्या काकूंनी धिंगरीचं तसंच सुकं केलं, खोबऱ्याचं भाजकं वाटप घालून, आणि वाटी वाटी शेजारी पाठवली. दुसऱ्या दिवशी सात घरांतून विचारणा. जाहिरातीसाठी मी छापलेल्या पत्रकांवर पास्ता आणि सूपचे फोटो होते. ती पत्रकं अजून माळ्यावर आहेत.

हंगामाचं गणितही तेव्हाच उमगलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळी महाग. पाठोपाठ श्रावण, मग गणपती. मासे-मटण खाणाऱ्या घरांना या दिवसांत चावून खाण्यासारखं काहीतरी हवं असतं, आणि नेमकी तेव्हाच खोलीची हवा धिंगरीला सगळ्यात जास्त मानवते. गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून फोन वाढतात.

तरीही वर्षाच्या मध्याला वही उघडून बसले तेव्हा चित्र असं होतं. आठवड्याला पंधरा पिशव्या, म्हणजे महिन्याला साठ. एका पिशवीत किलोभर कोरडं काड आणि त्यातून तीन तोडण्या मिळून साधारण ६५० ग्रॅम माल. महिन्याला ३९ किलो. २४० रुपये किलोने पूर्ण विकला तर ९,३६० रुपये. पण पूर्ण कधीच विकला जात नाही. काही मऊ पडतो, काही वाटावा लागतो, म्हणून हातात साडेसात हजार. पेंढा, बियाणं, पिशव्या, गॅस आणि वाहतूक धरून पिशवीमागे ४५ रुपये खर्च, म्हणजे २,७०० वजा. उरले ४,८०० रुपये. वर वर बघता ठीक. सासूबाईंनी चष्मा लावून तो आकडा वाचला आणि एवढंच विचारलं, "आणि भाडं?" साडेसहा हजारांचं येणारं भाडं सोडून मी ४,८०० कमावत होते, आणि माझी मजुरी त्यात धरलेलीच नव्हती.

मुंबईत कमी भांडवलाचा धंदा म्हणजे नेमकं काय, हे मला त्या संध्याकाळी समजलं. पिशव्या आणि बियाण्याला दहा-बारा हजार पुरतात, ते भांडवल कुणीही उभं करेल. जागेचं भाडं मात्र, स्वतःची जागा असली तरी, रोज चालू असतं. आणि माल किती दिवस टिकतो यावर तुम्हाला किती घाईने, किती पडत्या भावाने विकावा लागतो हे ठरतं. व्हिडिओत दाखवतात त्या 'महिना लाख'च्या हिशेबात या दोन्ही गोष्टी नसतात. गावाकडे ज्याचा गोठा रिकामा आहे आणि पेंढा घरचा आहे, त्याचं गणित वेगळं निघेल. माझं निघालं ते असं.

मग टिकाऊपणाच्या मागे लागले. आधी वाळवून पाहिली. दहा किलो ओल्या धिंगरीची जेमतेम एक किलो सुकी होते आणि पावसाळ्यात, नेमका माल जास्त असताना, मुंबईत ऊनच नसतं. ड्रायर घ्यायचा तर पुन्हा भांडवल. तो मार्ग सोडला.

चाललं ते दुसरंच. काकूंच्या नातवाने शाळेच्या प्रकल्पासाठी एक पांढरी झालेली पिशवी मागितली. घरी नेऊन खिडकीजवळ टांगली, फवारा मारला आणि आठवड्यात त्याच्या घरी धिंगरी उगवली. त्याच्या वर्गातून आणखी मागण्या आल्या. तेव्हापासून महिन्याला पंचवीसेक पिशव्या मी तशाच विकते, १८० रुपयांना, सोबत सूचनांचा कागद आणि छोटी फवाऱ्याची बाटली. तोडायचं काम गिऱ्हाइकाचं, ताजेपणाची काळजीही त्याचीच. मी दोनच गोष्टी बजावून सांगते: टोपी सपाट व्हायच्या आत काढा आणि पिशवी झोपायच्या खोलीत नको. उरलेल्या पस्तीस पिशव्यांचा माल ठरलेल्या घरांत जातो, आदल्या दिवशी नोंद घेऊन, त्यामुळे वाया जवळजवळ जात नाही. बाटलीचे पैसे वजा करूनही आता भाड्याच्या आकड्याच्या थोडं वर असते. थोडंच.

मार्चपासून मेपर्यंत पत्र्याखाली खोली भट्टी होते. गुलाबी धिंगरी उष्णता जरा जास्त सोसते, पण आमच्या पत्र्यापुढे तिनेही हात टेकले. म्हणून उन्हाळ्यात मसाला. ही कल्पनाही गिऱ्हाइकांचीच. धिंगरी घेणाऱ्या घरांना सुक्यासाठी मालवणी मसाला हवा असायचा आणि नोकरी करणाऱ्या सुनांना मिरच्या भाजत बसायला वेळ नसतो. लालबागच्या मिरची गल्लीत जायचं, रंगाला बेडगी आणि काश्मिरी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी घ्यायची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर तोलून घ्यायचे, घरी भाजायचे आणि लालबागच्याच डंकावर कुटून आणायचे. डंकाच्या रांगेत उभं राहिलं की शिंका थांबत नाहीत, पण कोणता दुकानदार जुनी मिरची नव्यात मिसळतो हे तिथल्या बायकांकडून फुकट कळतं. सासूबाई भाजणीच्या कामात स्वतःहून उतरल्या. प्रमाण त्यांचं आहे आणि ते त्या मला अजूनही पूर्ण सांगत नाहीत. मसाला आधी पैसे घेऊन करते. चांगला भाजलेला, कोरड्या बरणीतला मसाला वर्षभर राहतो, त्यामुळे विकायची घाई नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेतकऱ्याने पिकवलेला ताजा माल जसाच्या तसा विकताना अन्न परवाना आड येत नाही, पण मसाला आला की नोंदणी हवीच. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मूळ नोंदणी मी केली तेव्हा ती वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीसाठी होती आणि वर्षाला १०० रुपयांत झाली. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापते. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे, तरी स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेने तिचे दीड हजार मागितले होते. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. बँकेत चौकशी केली, अर्जही आणला, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि माझं पीक हंगामी, म्हणून भरला नाही. ज्याचा गल्ला बारमाही आहे त्याने जरूर बघावं.

एक डोकेदुखी कुणीच आधी सांगत नाही: संपलेल्या पिशव्या. तीन तोडण्यांनंतर प्रत्येकीत ओलसर काड उरतं, आणि महिन्याला एवढ्या गोणी कचऱ्याच्या गाडीवाला उचलत नाही. काही दिवस त्या मोरीत साठल्या, काकूंचा आवाज पुन्हा चढला. मग कांजूरमार्गच्या एका रोपवाटिकेत विचारलं. तिथल्या भाऊंना कुंड्यांच्या मातीत मिसळायला ते काड आवडलं. आधी मीच रिक्षाने पोचवायचे. आता ते स्वतः टेम्पो पाठवतात, गोणीला वीस रुपये देतात, आणि परवा फोन करून विचारत होते की या खेपेला तिसरी तोडणी सोडून पिशव्या लवकर रिकाम्या करता येतील का. गणपतीआधी त्यांना झेंडूच्या कुंड्या भरायच्या आहेत. त्यांना नाही म्हटलं. गणपतीआधी मला धिंगरी हवी असते.